चालू टीव्ही, बंद दार

टीव्हीचा आवाज वाढवायचा, पोरांना चपला हातात घ्यायला लावायच्या, दार ओढून घ्यायचं आणि मागच्या जिन्याने गुपचूप खाली उतरायचं. ही युक्ती सुचली तेव्हा पाळणाकाकींना आधी स्वतःचंच हसू आलं. मग भीती वाटली. आयुष्यात कुणाची चमचाभर साखर न सांगता उचलली नव्हती या बाईने, आणि आता पन्नाशी उलटल्यावर आपल्याच घरातून चोरासारखं बाहेर पडायचं!

पाळणाकाकी हे नाव बिल्डिंगने दिलेलं. त्या आधी बिस्किटांच्या कारखान्यात पुडे भरायच्या. कारखाना बंद पडला. नवरा तर कधीच गेलेला, मुलगा दूरच्या शहरात नोकरीला. हात रिकामे राहवेनात म्हणून शेजारणीचं तान्हं बाळ दुपारपुरतं सांभाळायला घेतलं, आणि बघता बघता तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या दोन खोल्यांत शाळा सुटली की आठ-नऊ पोरं जमायला लागली. आई-बाप कामावरून येईपर्यंत ती काकींच्या ताब्यात. कुणी म्हणालं, "पाळणाघरच झालं की तुमचं," तर काकी म्हणायच्या, "पाळणा कुठाय? घर तेवढं आहे, तेही भाड्याचं."

सुरुवातीला त्या पोरांना खाली गाड्या लावतात तिथे खेळायला न्यायच्या. मग टोळाचा हात मोडला.

टोळ म्हणजे बस चालवणाऱ्याचा मुलगा. एका जागी टेकेल तर शपथ. एका स्कूटरच्या सीटवरून दुसऱ्या स्कूटरवर उडी मारताना पडला आणि कोपराखाली हाड मोडलं. संध्याकाळी त्याचे वडील ड्रायव्हरच्या कपड्यांतच धावत आले. ओरडले नाहीत, नुसते प्लास्टरकडे बघत बसले, आणि तेच काकींना जास्त लागलं. बाकीच्या आई-बापांनी मात्र तोंडसुख घेतलं. दोघांनी पोरं काढून घेतली. उरलेल्यांना काकींनी शब्द दिला, "यापुढे एकही पोर उंबऱ्याबाहेर जाणार नाही."

दुसऱ्या आठवड्यात टोळाचे वडील भलामोठा टीव्ही घेऊन आले, कुणीतरी नवीन घेतला म्हणून विकलेला. स्वतःच्या हाताने भिंतीला भोकं पाडून टांगला. "यांना बसवा याच्यासमोर. हलणार नाहीत."

आणि खरंच हलेनात.

पहिले काही दिवस काकींना स्वर्ग दोन बोटं उरला. भांडणं नाहीत, रडारड नाही, गुडघ्याला खरचटणं नाही. पोरं आली तशी संध्याकाळी परत जायची, कपड्यांची घडीसुद्धा न मोडता. आई-बाप खूश. पण काकी गॅसपाशी दूध तापवताना मागे वळून बघायच्या. ओळीने बसलेली पोरं, तोंडं उघडी, हातातलं बिस्किट धरून धरून मऊ पडलेलं. एखादीच्या गालावर माशी बसायची आणि ती उडवायचीही शुद्ध नसायची. हाक मारली तर आधी डोळे यायचे, मग मान, आणि पोर आलं तर आलं.

त्यात सगळ्यात शांत गोगलगाय. सात वर्षांची, गोरीगोमटी, गुबगुबीत. जिना चढताना प्रत्येक मजल्यावर कठडा धरून थांबायची म्हणून पोरांनीच ते नाव पाडलेलं. ती एकुलती एक, आणि घरात फक्त आई. आई औषधांच्या दुकानात कामाला. पोरीला दम लागतो म्हणून एक बाटली, भूक लागत नाही म्हणून दुसरी, झोप नीट येत नाही म्हणून तिसरी. तिन्ही बाटल्या काकींच्या फडताळात असायच्या. काकी चमचा पुढे करायच्या, गोगलगाय टीव्हीवरची नजर न काढता तोंड उघडायची.

एका दुपारी टीव्हीवर जगभरातली पोरं कुठे काय खेळतात ते दाखवत होते. कुठे बर्फावरून फळीवर बसून घसरणारी, कुठे वाळूच्या ढिगावरून, कुठे बांबूवर उभी राहून झपझप चालणारी. एका हिरव्यागार टेकडीवरून दहा-बारा पोरं पिंपासारखी लोळत खाली येत होती आणि खाली आल्यावर पुन्हा वर पळत होती. इकडे काकींची पोरं भिंतीला पाठ लावून ते बघत होती. कुणी हसत नव्हतं.

"काकी," गोगलगायीने विचारलं, "गवत टोचतं का गं?"

"कसलं गवत?"

"तेच. लोळल्यावर."

काकींच्या आधी टोळच बोलला. "टोचतं. मला माहितीये."

"तू कधी लोळलास रे?" काकींनी विचारलं.

"मी नाही. पण बघ ना, ती पोरं उठल्यावर पाठ खाजवतायत."

काकी हसल्या, पण गॅस बंद करायला विसरल्या आणि दूध उतू गेलं.

त्यांनी आधी सरळ मार्ग धरला होता, हे सांगायला हवं. त्याच संध्याकाळी त्यांनी टोळाच्या वडिलांना विचारलं, अर्धा तास खाली नेऊ का म्हणून. ते म्हणाले, "काकी, मी दिवसभर रस्त्यावर असतो. गाडीखाली येता येता वाचलेलं पोर रोज एखादं तरी बघतो. घरी आल्यावर जेवण जात नाही मला. नको." गोगलगायीच्या आईला विचारलं, तर ती म्हणाली, "तिला दम लागतो. काही झालं तर मी काउंटर सोडून कशी धावू? बसवूनच ठेवा तुम्ही."

दोघांचंही चुकत नव्हतं. म्हणून तर काकींना बोलता आलं नाही. आणि म्हणूनच त्यांनी ती युक्ती काढली.

बिल्डिंगच्या मागे एका बंद पडलेल्या गोदामाची जागा होती. गुडघ्याएवढं गवत, एक वाकडं झाड, भोवती विटांची भिंत. फाटक कधीच कुणीतरी काढून नेलेलं. वाईट गोष्ट एकच होती, पलीकडच्या टोकाला भिंत ढासळून खिंडार पडलं होतं आणि त्यामागे उतारावर कालवा वाहत होता. काकी पहिल्या दिवशी एकट्याच जाऊन सगळं बघून आल्या. खिंडारात उभ्या राहिल्या, खाली मातकट पाणी बघितलं आणि ठरवलं, पोरं खेळतील तोवर आपण इथून हलायचं नाही.

टीव्ही चालू ठेवायचा तो शेजाऱ्यांसाठी. आवाज येत राहिला की पोरं आत आहेत असं सगळे धरून चालणार.

"आपण कुठे गेलो ते कुणाला सांगायचं नाही," त्यांनी पोरांना बजावलं. पोरांनी माना डोलावल्या. लहान मुलांना खोटं बोलायला शिकवतोय आपण, हे काकींना त्या क्षणीही टोचलं. गवतापेक्षा जास्त टोचलं असणार.

पहिल्या दिवशी पोरं गवतात नुसती उभी राहिली. काय करायचं तेच कळेना. मग टोळाने कुणालातरी ढकललं, ते पोर पडलं, रडावं की हसावं याचा विचार केला आणि हसलं. तिथून पुढे सगळं आपोआप झालं. गोगलगाय पहिले काही दिवस काकींच्या पदराला धरून होती. मग एक दिवस पदर सुटला. पळायची, थांबायची, छातीवर हात ठेवून धापा टाकायची. काकींच्या जिवाचं पाणी पाणी व्हायचं. "बस गं जरा." ती बसायची आणि परत उठायची. घरी परतताना काकी सगळ्यांच्या केसांतल्या गवताच्या काड्या काढायच्या, हातपाय धुवायच्या, चपलांची माती खरवडायच्या. संध्याकाळी आई-बाप यायचे तेव्हा पोरं टीव्हीसमोर ओळीने बसलेली असायची. गोगलगायीची आई एकदा म्हणाली, "हल्ली जेवते बरं का ही. ते नवीन टॉनिक लागू पडलं वाटतं." काकींनी मान खाली घालून "हो का?" म्हटलं.

रोज परत येऊन दार उघडलं की त्या आधी आवाज ऐकायच्या. टीव्ही चालू असायचा. म्हणजे कुणी आलं नव्हतं. मग त्यांचा जीव भांड्यात पडायचा.

ज्या दिवशी ते घडलं, त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं, ऊन कोवळं होतं आणि पोरं नेहमीसारखीच होती. काकी खिंडारात उभ्या होत्या. एवढ्यात टोळाची हाक आली. तो वाकड्या झाडावर चढला होता आणि त्याला उतरता येत नव्हतं. ज्या हाताचं हाड मोडलं होतं त्याच हाताने फांदीला लटकला होता.

"काकी, हात सुटतोय!"

काकी धावल्या. दुसरं काय करणार? त्याच्या पायाखाली खांदा दिला, तो अंगावरून घसरत उतरला, त्याला दोन धपाटे घातले आणि त्या परत वळल्या.

खिंडाराजवळ कुणी नव्हतं. गवतात पाच पोरं दिसत होती. सहावा टोळ.

"गोगलगाय कुठाय?"



"बॉल तिकडे गेला," सगळ्यात धाकट्याने खिंडाराकडे बोट केलं. "ती आणायला गेली."

काकी खिंडारातून उतारावर आल्या. कालव्याच्या काठावर चिखल होता आणि चिखलात एक बूट रुतलेला होता. निळा, बाजूला चांदणी असलेला. दाराजवळच्या फडताळातून त्या रोज तो काढून तिच्या पायात घालायच्या. बूट होता, पोर नव्हती. पाणी संथ दिसत होतं, पण एक वाळकी फांदी त्यावरून झरझर गेली तेव्हा काकींना कळलं, हे दिसतं तसं संथ नाही.

त्यांनी हाक मारली. गोगलगाय नाही, तिचं खरं नाव घेऊन. आवाज पलीकडच्या काठावर गेला आणि तिथेच राहिला.

"कुणीही हलायचं नाही!" पोरांवर ओरडून त्या पाण्यात उतरल्या. पोहता येत नव्हतं. काठावरच्या झुडपाचं मूळ एका हाताने धरलं आणि दुसरा हात पाण्यात घालून चाचपत राहिल्या. पाणी कमरेपर्यंत आलं. हाताला गाळ लागला, चिंधी लागली. चिंधी वर काढून बघितली, ती गोणपाटाची होती. वर पोरं रडायला लागली. धाकटा तर "काकी, तू पण जाऊ नको" म्हणून किंचाळत होता. ते ऐकून त्या भानावर आल्या. आपण बुडालो तर ही सहा पोरं इथे काठावर उभी आहेत.

मदत आणायला हवी. आणि कोण जाणे, बूट रुतला म्हणून घाबरून पोरगी घरी तर गेली नसेल? या एका आशेला धरून त्या बाहेर आल्या. सहाही पोरांना एकमेकांचे हात धरायला लावले आणि ओल्या साडीने, ठेचकाळत, बिल्डिंगच्या मागच्या जिन्याने वर धावल्या.

तिसऱ्या मजल्यावर माणसं जमली होती. त्यांच्या घराचं दार उघडं होतं. नीट बघितलं तेव्हा कळलं, उघडं नव्हतं, फोडलं होतं. कुलपाजवळचं लाकूड चिरफळलं होतं, खाली पहार पडली होती. आत टीव्हीवर कुठलातरी ससा खिदळत होता. आणि टीव्हीसमोर, रिकाम्या चटईवर, गोगलगायीची आई उभी होती.

दुकानात औषधांची मोजदाद होती म्हणून तिला लवकर सोडलं होतं. ती लेकीला न्यायला आली. बेल वाजवली, दार ठोठावलं. आत टीव्ही मोठ्याने चालू आणि कुणी ओ देईना. तिने दाराच्या फटीला कान लावला. हसण्याचे आवाज येत होते ते सगळे टीव्हीतले. मग तिच्या मनात आलं ते कुठल्याही आईच्या मनात येईल. गॅस. पोरं आत बेशुद्ध पडलीत. तिने हंबरडा फोडला, शेजारी धावले, खालून पहार आली.

तिने काकींना बघितलं. कमरेखाली निथळणारी साडी, चिखलाचे हात. मग पोरांवरून नजर फिरवली, एकदा, आणि पुन्हा एकदा.

"माझी कुठाय?"

काकींच्या हातात तो निळा बूट होता. आपण तो उचलून आणलाय हे त्यांनाही माहीत नव्हतं.

त्यानंतर ती बाई कशी पळाली ते बिल्डिंगमधले लोक अजून सांगतात. चपला जिन्यातच सुटल्या. टोळ पुढे, "इकडून, इकडून" म्हणत. शेजारणीने बाकीच्या पोरांना धरून ठेवलं, दोन-तीन माणसं मागोमाग निघाली. खिंडारातून उतरल्यावर आईने सरळ पाण्याकडे झेप घेतली. काकींनी तिचा दंड पकडला.

"पाणी तिकडे वाहतंय. तिकडे चला."

आईने दंड हिसडून सोडवला, पण धावली तिकडेच. काठाने पायवाट होती. काकींचा गुडघा दोन वर्षांपासून दुखरा. त्या दिवशी तो दुखला की नाही हे त्यांना नंतरही आठवलं नाही. धावताना दोघी एक अक्षर बोलल्या नाहीत. प्रत्येक वळणावर पाण्यात काहीतरी दिसायचं, जवळ गेल्यावर ती पिशवी निघायची.

पुढे जिथे कालवा रस्त्याखाली जातो तिथे लोखंडी जाळी होती. वाहून आलेला कचरा तिथे अडायचा, आणि तो काढायला एक माणूस असायचा. त्यांनी लांबूनच त्याला बघितलं. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात लांब दांड्याचा आकडा. तो जाळीपाशी वाकून काहीतरी जड ओढत होता. ओलं, गुंडाळलेलं, माणसाएवढं नाही. लहान.

आईचे पाय तिथेच थांबले. तिला पुढे जाता येईना. तोंडावर हात धरून ती खाली बसली. काकी पुढे गेल्या. ते पंधरा-वीस पावलांचं अंतर होतं, आणि काकी म्हणायच्या की बाळंतपणातसुद्धा वेळ इतका रेंगाळला नव्हता.

त्या माणसाने आकड्याने ते वर खेचलं आणि काठावर आपटलं. जुनी गादी होती. अर्धी, फाटलेली.

"काय हो बाई?" तो म्हणाला. मग त्याची नजर त्यांच्या हातातल्या बुटावर गेली. "अच्छा. दुसरा इथे आहे."

त्याच्या पत्र्याच्या खोपटाच्या सावलीत, पालथ्या बादलीवर, गोगलगाय बसली होती. एका पायात बूट, दुसरा पाय चिखलाने काळा. चेहरा टोमॅटोसारखा लाल. मांडीवर तो बॉल.

"काकी!" ती ओरडली, आणि मग मागे आईला बघून दुप्पट जोराने, "आई! मी बॉलच्या आधी पोचले! तो पाण्यातून पळत होता आणि मी काठावरून. मी त्याला हरवलं!"

आई गुडघ्यांवर रांगतच आली म्हणायची. तिने पोरीला धरलं, आधी पाठीत एक रट्टा घातला, मग इतकं आवळलं की पोरगी कळवळली. सवयीने तिचा हात पोरीच्या छातीवर गेला. आतलं हृदय धडधडत होतं.

"दम लागला?"

"खूप लागला," गोगलगाय म्हणाली. "मग गेला."

जाळीवाला आकडा रोवून उभा होता. तो आता चिडला होता, बहुतेक घाबरल्यामुळेच. "कुणाच्या ताब्यात होती ही? मी इथे रोज काय काय बाहेर काढतो, माहितीये का तुम्हाला? पोरगी पळत आली तेव्हा मी इथे होतो म्हणून. बॉल काढायला वाकली असती तर?"



परत येताना आईने लेकीला कडेवर घेतलं होतं. सात वर्षांची, अंगाने भरलेली पोर, पण खाली उतरवेना. खिंडारापाशी आल्यावर ती थांबली आणि पहिल्यांदा काकींकडे वळली. काकींना वाटलं, आता विचारेल, बाहेर का नेलं. त्याचं उत्तर त्यांच्याकडे होतं.

"टीव्ही का चालू ठेवला होता?"

काकींनी खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. "तुम्हाला कळू नये म्हणून."

संध्याकाळी फुटक्या दाराच्या घरात सगळे आई-बाप जमले. टीव्ही कुणीतरी बंद केला होता. काकी भिंतीला टेकून उभ्या होत्या. बसा म्हणायलाही कुणी नव्हतं आणि त्यांना बसवतही नव्हतं. जो तो बोलत होता. शब्द दिला होता तुम्ही. पोरांना खोटं शिकवलंत. पोलिसात द्यायला हवं. टोळाचे वडील सगळ्यांत शेवटी बोलले, "मी नको म्हटलं होतं काकी. कारण सांगून नको म्हटलं होतं."

"हो," काकी म्हणाल्या. "पाण्याजवळ नेलं ते चुकलं. तुमच्यापासून लपवलं ते त्याहून चुकलं. त्याला माफी नाही. पण एक सांगते आणि गप्प बसते. यांना इथे असं बसवून ठेवणंही मला जमत नव्हतं. रोज बघत होते मी. तुम्ही संध्याकाळी येता आणि ती उठून तुमच्याबरोबर निघतात, म्हणून तुम्हाला ते दिसत नाही."

"तक्रार करूच," कुणीतरी म्हणालं.

"करायची तर मी करेन," गोगलगायीची आई म्हणाली. "पोर माझी होती." आणि ती लेकीला घेऊन निघून गेली. करतेच असं म्हणाली नाही, करणार नाही असंही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटली आणि काकींच्या घरी एकही पोर आलं नाही.

ते आठवडे काकींनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. जिन्यात जड पावलं वाजली की त्या हातातलं काम सोडून दाराकडे बघायच्या. आता पोलिस. आता पोलिस. पावलं वरच्या मजल्यावर निघून जायची. सुताराने दाराला पट्टी ठोकून दिली. इस्त्रीचे कपडे घेऊन त्यांनी कसंबसं भागवलं. झोपेत पाण्यात हात घालून चाचपायच्या आणि दचकून उठायच्या. बिल्डिंगमधल्या बायका बोलायच्या, पण आपली पोरं दुसऱ्या बाजूला घेऊन. जिन्यात एकदा टोळ भेटला. तोही आता शेजारणीकडे बसायचा. "काकी, माझ्यामुळे झालं का?" त्याने विचारलं. काकींनी त्याला जवळ घेतलं. "नाही रे राजा. मोठी बाई होते मी तिथे." एवढंच बोलता आलं.

मग एका दुपारी दार वाजलं. काकींनी इस्त्री बाजूला ठेवली, पदर नीट केला आणि मनाची तयारी करून दार उघडलं. गोगलगायीची आई होती. एकटी.

आत येऊ का, हे तिने विचारलं नाही, आत आली आणि उभीच राहिली.

"दुसरीकडे ठेवलीय तिला. तिथेही टीव्हीच आहे. बसत नाही समोर. बोळातून पळत सुटते. त्या बाई रोज तक्रार करतात." ती भिंतीकडे बघून बोलत होती. "डॉक्टरांकडे नेलं. छाती तपासली, काही नाही म्हणाले. पळू द्या तिला, म्हणाले. मी त्यांना विचारलं, कुठे? तर पुढच्या पेशंटला बोलावलं त्यांनी."

काकींनी इस्त्रीचं बटण बंद केलं.

"तुम्हाला मी माफ केलेलं नाही," ती म्हणाली. "करेन असंही वाटत नाही. तो बूट दिसतो मला. पण कुठे, हे विचारायला दुसरं कुणी नाही माझ्याकडे."

काकींना त्या वेळी रडू आलं असतं तर बरं झालं असतं. ते आलं नाही. त्या म्हणाल्या, "शाळेचं मैदान. चारी बाजूंनी भिंत, धड फाटक. शाळा सुटली की कुलूप लागतं त्याला."

दोघी मिळून मुख्याध्यापक बाईंकडे गेल्या. बाई चांगल्या होत्या, पण हाडाच्या सावध. "कुलूप मी हौसेने लावत नाही. शाळा सुटल्यावर तिथे काही झालं तर?"

"झालं होतं, माझ्या पोरीचं," आई म्हणाली. "मैदानाला कुलूप होतं म्हणून कालव्यावर गेली ती."

बाई बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत राहिल्या. नाही म्हणाल्या, मग विचार करते म्हणाल्या. दोघी पुन्हा गेल्या, पुन्हा परत आल्या. तिसऱ्या वेळी टोळाचे वडीलही बरोबर आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. "मी आता पहाटेची पाळी मागून घेतलीय, दुपारी मोकळा असतो," ते म्हणाले. "मी बसेन फाटकापाशी." शेवटी बाईंनी एक अट घातली. काकी असल्या तरी रोज कुणीतरी एक आई किंवा बाप मैदानात हजर पाहिजे, आणि ज्या दिवशी कुणीच आलं नाही त्या दिवशी फाटक उघडणार नाही.

पहिल्या दिवशी चारच पोरं आली. टोळाचे वडील फाटकाला पाठ लावून असे बसले, जणू बाहेरून फौज चाल करून येणार आहे. गोगलगायीची आई रजा घेऊन आली होती. बाकावर एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला काकी, मध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा. पोरं धावायला लागली. तसे दोघींचे डोळे एकाच पोरीच्या मागे फिरायला लागले.

गोगलगाय वळणावर घसरली आणि गुडघ्यांवर, तोंडघशी आपटली. आवाज बाकापर्यंत आला. काकी अर्ध्या उठल्या आणि तशाच थांबल्या. आता उठायचा हक्क त्यांचा नव्हता. त्यांनी आईकडे बघितलं. टोळाच्या वडिलांनीही बघितलं. आईने बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. ती उठली नाही. पोरीने उठून गुडघा बघितला. रक्त आलं होतं. ते तिने टोळाला दाखवलं. टोळाने कौतुकाने मान हलवली. मग ती परत पळायला लागली.

"घरी गेल्यावर औषध लावते," आई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली.

पोरांची संख्या वाढत गेली. बाकीचे आई-बाप आधी फाटकाबाहेरून बघून जायचे, मग आत यायला लागले, मग आपापला वार ठरवून बसायला लागले. काकींचं घर पुन्हा भरलं. टीव्ही अजून भिंतीवर होता, पावसाळी दिवसांत लागायचाही. पण दोघींमधलं अवघडलेपण गेलं नाही. आई पैसे द्यायची, चौकशी करायची, आणि रोज विचारायची, "कुठे कुठे गेला होतात?" काकी रोज खरं सांगायच्या, अगदी नळावर पाणी प्यायला गेलो तेसुद्धा. त्यात कधी खंड पडला नाही. आणि आपला वार असो वा नसो, आई कामावरून सुटून तासभर तरी मैदानात यायचीच. मैदानात लेकीला पूर्णपणे काकींच्या भरवशावर तिने एकदाही सोडलं नाही.

जवळजवळ वर्षाने एका दुपारी काकींचा फोन वाजला.

"मला आज जमणार नाही. नवीन माल आलाय," आई म्हणाली. मागे दुकानातला गोंगाट ऐकू येत होता. "तिला तुम्ही न्या."

 "टोळाचे वडील आहेत फाटकाशी," काकी म्हणाल्या.

"ते असतील. मी तुम्हाला सांगतेय."

त्या दिवशी मैदानात काकी एकदाही बाकावर टेकल्या नाहीत. पोरांच्या मागे मागे, दुखरा गुडघा ओढत, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहिल्या, आणि ओरडून ओरडून संध्याकाळपर्यंत त्यांचा घसा पार बसला.